नेरूळचे फ्लेमिंगो ड्रोन आहेत, हे खोटं का ठरवता येत नाही

नवी मुंबईतले फ्लेमिंगो हे पक्षी नाहीतच. ते सरकारने सोडलेले ड्रोन आहेत, पामबीच रोडवरून कोण किती वाजता कुठे जातं यावर लक्ष ठेवायला.

ही थिअरी मी आत्ता हा लेख लिहिण्यासाठी बनवलीये, तेव्हा प्लीज फॉरवर्ड करू नका. पण थोडा वेळ असं समजा की मला ती मनापासून खरी वाटते, आणि आता ती खोटी ठरवून दाखवा.

तुम्ही म्हणाल, अहो ते दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास येतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात, स्थलांतर करणारे पक्षी आहेत ते. मी म्हणेन, बरोबर, पावसात इलेक्ट्रॉनिक्स खराब होतं ना, म्हणून सर्व्हिसिंगला कच्छला नेतात. तुम्ही म्हणाल, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंना सोलरवर चालणारे जीपीएस टॅग लावून त्यांचा गुजरातपर्यंतचा प्रवास नोंदवलाय. मी म्हणेन, म्हणजे त्यांच्या अंगावर जीपीएस आहे हे तुम्हीच कबूल केलंत. तुम्ही म्हणाल, मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसच्या वर फ्लेमिंगो मेले, लोकांनी रस्त्यावर पडलेले बघितले, रक्त होतं, पिसं होती, ड्रोनला कुठून येणार रक्त? मी म्हणेन, संशय येऊ नये म्हणून थव्यात थोडे खरे पक्षी मिसळावेच लागतात, इतकंही कळत नाही का.

हे रात्रभर चालू शकतं. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलंत तर डॉक्टर सामील, पीस उचलून आणलंत तर बघा टेक्नॉलॉजी किती पुढे गेलीये, ऐरोलीहून बोटीत बसून खाडीत जाऊन जवळून बघून आलात तर बोटवाला सामील आणि त्याने तुम्हाला दाखवायचे तेच दाखवले. शेवटी तुम्ही दमून गप्प बसलात की मी म्हणणार, बघा, खोडून काढता आलं नाही ना कोणाला? आणि इथे बरीच शहाणी माणसं स्वतःलाच दोष देतात, आपला अभ्यास कमी पडला असं त्यांना वाटतं. मला ते बघून फार वाईट वाटतं कारण त्यांचा अभ्यास व्यवस्थित असतो, समोरचा दावाच अशा बनावटीचा असतो की त्याला कितीही अभ्यास पुरत नाही.

ही बनावट नीट बघू. मी पहिल्यांदा ड्रोन म्हणाले तेव्हा त्या शब्दात काहीतरी माल होता. ड्रोन म्हटलं की आत बॅटरी पाहिजे, मोटर पाहिजे, त्याने अंडी घालता कामा नये, मेल्यावर कुजता कामा नये. एक फ्लेमिंगो उघडून बघितला की निकाल लागला असता. पण तुम्ही एकेक पुरावा आणलात आणि मी एकेक वस्तू त्या ड्रोनमधून काढून टाकत गेले, आणि शेवटी असा ड्रोन उरला जो पक्ष्यासारखा उडतो, खाडीतलं शेवाळ खातो, त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो, त्याचं पिल्लू सुरुवातीला राखाडी असतं, तो मरतो आणि कुजतो. मग याच्यात आणि पक्ष्यात फरक काय राहिला? काहीच नाही, नुसतं नाव राहिलं. दुसरीकडे कटातली माणसं मात्र वाढतच गेली, आधी एक सरकारी खातं होतं, मग बीएनएचएस आली, वनखातं आलं, डॉक्टर आला, बोटवाला आला, घाटकोपरची लोकं आली. म्हणजे दावा आकसत जातो आणि कट फुगत जातो. कुठलीही कॉन्स्पिरसी थिअरी ऐकताना या दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा, थट्टेची असो की गंभीर, दोन्हीत हे अगदी सारखं चालतं. लहानपणी पकडापकडीत एखादा पोरगा असायचा ना, हात लागणार इतक्यात ‘टाइम प्लीज’ ओरडणारा, तो कधीच आउट व्हायचा नाही पण म्हणून तो वेगात पळतो असं काही कोणी म्हणायचं नाही.

आता माझी थिअरी काही जगावेगळी नाहीये. अमेरिकेत पीटर मॅकिन्डो नावाच्या तरुणाने जानेवारी २०१७ मध्ये मेम्फिस शहरातल्या एका मोर्चात हातात पाटी घेऊन ‘पक्षी खरे नसतात’ असं सांगायला सुरुवात केली. सरकारने सगळे खरे पक्षी मारून त्यांच्या जागी ड्रोन सोडलेत, आणि विजेच्या तारांवर ते बसतात ते चार्जिंगसाठी, असं ते प्रकरण होतं. टी-शर्ट निघाले, होर्डिंग लागले, रॅल्या झाल्या आणि तो चारेक वर्षं गंभीर चेहऱ्याने हे सांगत राहिला, मग डिसेंबर २०२१ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं की ही थट्टा आहे, खोट्या माहितीने भरलेल्या जगाला आरसा दाखवायला केलेली. पण नीट विचार केलात तर ही कबुलीसुद्धा थिअरीला मारू शकत नाही. सरकारने त्याला धमकावलं असेल, विकत घेतलं असेल, त्याच्या जागी दुसराच माणूस बसवला असेल. ज्याने थिअरी बनवली त्याचाही शब्द तिच्यावर चालत नाही, इतकी ती मोकाट सुटते.

याहून जुनं आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जर्मनीतलं आहे. तिथे बीलेफेल्ड नावाचं शहर आहे, सव्वातीन लाखाच्या वर वस्ती, १२१४ साली वसलेलं. १९९४ मध्ये आखिम हेल्ड नावाच्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर लिहिलं की बीलेफेल्ड अस्तित्वातच नाही. त्याचे प्रश्न तीनच होते. तुम्ही बीलेफेल्डच्या कोणाला ओळखता का? तुम्ही कधी तिथे गेलायत का? तिथे जाऊन आलेल्या कोणाला ओळखता का? बहुतेकांचं उत्तर तिन्हीला नाही असायचं, आणि ज्याचं हो असेल तो अर्थातच ‘त्यां’च्यात सामील. ‘ते’ कोण हे कधीच सांगितलं नाही, आणि हे महत्त्वाचं आहे कारण ते सांगितलं असतं तर तपासता आलं असतं. १९९९ मध्ये नगरपालिकेने वैतागून पत्रक काढलं की बीलेफेल्ड आहे, पण ते काढलं १ एप्रिलला, मग कोण विश्वास ठेवणार. २०१२ मध्ये चॅन्सलर अँगेला मर्केलही एका भाषणात तिथल्या भेटीबद्दल बोलताना म्हणाल्या, म्हणजे ते शहर असलंच तर. पुढे २०१९ मध्ये पंचवीस वर्षं झाल्यावर नगरपालिकेने उलटा डाव टाकला, बीलेफेल्ड नाही हे जो पक्कं सिद्ध करेल त्याला दहा लाख युरो. जगभरातून दोन हजारांच्या वर उत्तरं आली, बक्षीस कोणालाच मिळालं नाही आणि शेवटी जुन्या शहरात एक मोठा दगड बसवून त्यांनी थट्टा संपल्याचं जाहीर केलं.

त्या बक्षिसात मला एक फार शहाणपणाची गोष्ट दिसते. पंचवीस वर्षं शहर सिद्ध करत होतं की आम्ही आहोत, आणि ते सिद्ध होत नव्हतं. २०१९ ला त्यांनी ओझं उचलून जिथे असायला हवं तिथे ठेवलं, की तुमचा दावा आहे ना, मग पुरावा तुम्ही आणा. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९५२ मध्ये हेच एका किटलीवरून सांगितलं होतं. तो म्हणाला, पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय आणि ती इतकी छोटी आहे की कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही, असं मी म्हटलं तर तुम्हाला ते खोडता येणार नाही, पण खोडता येत नाही म्हणून ते मानलंच पाहिजे असं मी म्हणायला लागलो तर लोक मला वेड्यात काढतील.

पण खोडता का येत नाही याचं मुळातलं उत्तर विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरकडे मिळतं. १९१९ मध्ये हा व्हिएन्नात सतरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी २९ मेच्या खग्रास सूर्यग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा झाली. आइन्स्टाइनने आधीच आकडा दिला होता, सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ आर्कसेकंद वाकेल (एक अंश म्हणजे ३६०० आर्कसेकंद, यावरून अंदाज घ्या), न्यूटनच्या हिशोबाने त्याच्या निम्माच वाकायला हवा होता. प्रकाश वाकलाच नसता किंवा निम्मा वाकला असता तर आइन्स्टाइनला पळायला जागा नव्हती. पॉपरला जाणवलं ते हे की चांगली थिअरी काही गोष्टींना मनाई करते, असं असं झालं तर मी चुकलो हे ती आधी सांगून ठेवते. माझी फ्लेमिंगोची थिअरी कशालाच मनाई करत नाही. ते आले तरी चालतं, नाही आले तरी चालतं, मेले तरी चालतं. आणि जी थिअरी कुठल्याही परिस्थितीत बरोबर असते तिला कुठल्याच घटनेतून पाठबळ मिळत नाही, हा भाग लोकांच्या लवकर लक्षात येत नाही म्हणून जरा थांबून सांगते. पुरावा पुरावा कधी ठरतो? थिअरी खरी असताना तो दिसण्याची शक्यता जास्त आणि खोटी असताना कमी, तेव्हाच. ‘आज फ्लेमिंगो गुलाबी दिसले’ हे ड्रोन असतानाही खरं आणि पक्षी असतानाही खरं, मग त्याचा उपयोग शून्य. तरीही कटवाला दिवसाला असे वीस पुरावे दाखवतो, आणि वीस शून्यं मिळून शून्यच होतात.

आपल्याकडे हा विचार तर चौदाशे वर्षांपूर्वी झालाय, आणि मला वाटतं तो शाळेत शिकवायला हवा. कुमारिल भट्ट हा मीमांसक, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचा तत्त्वज्ञ, साधारण सातव्या शतकातला. त्याने ‘न दिसणं’ हेसुद्धा ज्ञानाचं एक साधन मानलं, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून जमिनीवर घडा नाही. पण अट अशी की वस्तू दिसण्याजोगी हवी, उजेड हवा, डोळे ठीक हवेत, म्हणजे ती तिथे असती तर दिसलीच असती. त्याच काळातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने याच्या उलट टोकाला पिशाच ठेवलं. पिशाच मुळात न दिसणारं मानलंय, त्यामुळे ‘मला दिसलं नाही’ एवढ्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही. आता फ्लेमिंगोकडे या. मी सुरुवात केली ती घड्याने, बॅटरीवाला ड्रोन, उघडलं की दिसेल असा. तुम्ही उघडायला निघालात तसतशी मी त्या घड्याची पिशाच्चात बदली करत गेले. अशी प्रत्येक थिअरी हीच हातचलाखी करते, लोकांच्या गळ्यात उतरवताना ती घडा असते आणि तपासायची वेळ आली की पिशाच होते. तुम्हाला वाद घालायचाच असेल तर बदली झाली ती नेमकी जागा पकडा.

कोणी हुशार माणूस इथे अडवेल की शास्त्रज्ञ पण सारवासारव करतातच की. करतात, आणि हा आक्षेप खरंच तगडा आहे. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. न्यूटन चुकला असं कोणी लगेच म्हटलं नाही, फ्रान्सच्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं की पलीकडे अजून एक न दिसलेला ग्रह असेल, तो युरेनसला ओढतोय. ऐकायला अगदी पळवाट. पण त्याने पुढे जागा सांगितली, आकाशात अमुक ठिकाणी बघा, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाल्लेने दुर्बीण लावली तेव्हा एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाची कक्षाही गणितापेक्षा थोडी वेगळी निघाली, शतकात ४३ आर्कसेकंदांचा फरक, तेव्हा १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिएने तोच उपाय केला, सूर्याजवळ अजून एक ग्रह असेल म्हणून. त्याला व्हल्कन नावही मिळालं. लोकांनी कित्येक वर्षं शोधला, खात्रीने कोणालाच सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने तो फरक ग्रहाशिवायच बसवून दाखवला, व्हल्कन संपला. माणूस एक, युक्ती एक, एकदा जिंकला एकदा हरला. सारवासारव करण्यात गुन्हा नाही, पण त्या सारवासारवीने स्वतः काहीतरी नवं तपासता येण्यासारखं पणाला लावलं पाहिजे. ‘बोटवाला सामील आहे’ म्हणणारा बोटवाल्याचं बँक स्टेटमेंट बघायला निघाला तर मी त्याला मान देईन. तो कधीच निघत नाही.

हरण्याची तयारी असलेला दावा कसा असतो याचं आपल्या राज्यातलं उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर पुण्यात २००८ च्या सुमारास केलेली ज्योतिषाची चाचणी. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, कुठली कोणाची ते ओळखा, २७ जणांची उत्तरं आली. नाणं उडवलं तर ५० टक्के बरोबर येतात, यांचे सरासरी ४६ टक्के आले. ज्या ज्योतिषांनी भाग घेतला त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी निदान दावा टेबलावर ठेवला. नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी सॅटेलाइटला कळेल, ही अफवा आठवत असेल, तीही बिचारी तपासण्याजोगी होती, रिझर्व्ह बँकेच्या माहितीत अशी कुठली चिप नव्हती आणि लोकांनी नोटा फाडून बघितल्या तर आत कागदच.

आणि सगळे कट खोटे असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, असं म्हणणं म्हणजे दुसऱ्या बाजूने तोच आळस. हर्षद मेहता प्रकरण खरा कट होता. एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी बातमी फोडली तेव्हा मागे स्टेट बँकेचा हिशोब होता, त्यात सुमारे ५०० कोटींचा मेळ लागत नव्हता, बँक रिसीट होत्या, तारखा होत्या. तो हिशोब जुळला असता तर बातमी पडली असती. खरे कट हे असे कागदाला कागद लावून बाहेर येतात, आणि त्यातली माणसं ठरावीक असतात, प्रश्न विचारणारा प्रत्येक जण त्यात आपोआप सामील होत नाही.

थट्टेच्या थिअरींचा मला पुळका आहे तो यासाठी की त्यांच्यात राग नसतो, त्यामुळे यंत्र उघडून आतली दातेरी चक्रं बघता येतात. पण इंटरनेटवर थट्टा आणि गंभीर यातली रेघ फार लवकर पुसते. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या माणसाने लिहिलं होतं की हसरा चेहरा जोडला नाही तर टोकाच्या मताची नक्कल कोणालातरी खरीच वाटणार. सोसायटीच्या ग्रुपवर तो हसरा चेहरा दुसऱ्या तिसऱ्या फॉरवर्डला गळून पडतो. आणि मग तेच यंत्र माणसांच्या विरुद्ध लागतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. अशा अफवेत माणूस ‘मी नाही’ म्हणाला तर चोर असंच म्हणणार, परक्या गावचा असला तर टोळी लांबून आलीये, बरोबर माणसं असली तर बघा टोळीच आहे. त्याच्याकडून येणारी कुठलीही गोष्ट त्याला सोडवत नाही. म्हणून मला हा विषय तर्कशास्त्राच्या पुस्तकापुरता वाटत नाही, खोडून काढता न येणाऱ्या आरोपात जिवंत माणूस सापडला तर त्याचं काय होतं ते आपण आपल्याच राज्यात बघितलंय.

तर ग्रुपवर काका काहीतरी पाठवतात तेव्हा ‘हे खोटं आहे’ म्हणून लिंका टाकत बसू नका, त्या सगळ्या लिंका कटात सामील होतील. प्रेमाने एवढंच विचारा, काका, नेमकं काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की हे चुकीचं होतं? त्यांनी काही सांगितलं, कितीही छोटं, तर त्यांच्याबरोबर बसून ते शोधा, तिथे खरंच बोलणं सुरू होतं. ‘काहीही दिसलं तरी मी मानणार नाही’ असं उत्तर आलं तर विषय बदला, काकूंची तब्येत विचारा, आणि वाद हरलात असं अजिबात वाटून घेऊ नका.

हा प्रश्न मलाही लागू होतो, नाहीतर विचारायचा मला हक्क नाही. फ्लेमिंगो ड्रोन आहेत हे मी कधी मानेन? वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोनतीन डॉक्टरांनी मेलेले फ्लेमिंगो उघडले आणि आत मोटर निघाली तर मानेन. त्यांचं घरटं जगात कोणालाच कधीच सापडलं नसतं तरी मला शंका आली असती. पण कच्छच्या रणात चिखलाचे छोटे बुरूज करून प्रत्येकावर एक अंडं घालणाऱ्या फ्लेमिंगोंची वसाहत पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४५ मध्ये स्वतः जाऊन बघितली, तिथे लाखोंनी पक्षी होते. तेव्हा ड्रोन तर सोडाच, सरकारही इंग्रजांचं होतं आणि नवी मुंबईच्या जागी मिठागरं आणि भातशेती होती.